विश्वास पानिपतात गेलाच नसता तर? : ‘जर-तर’चा इतिहास, मराठी विज्ञानकथा आणि जपानी अ‍ॅनिमे (दीर्घ थ्रेड)

१/
रायगड जिल्ह्यातील तळा. मुंबई–गोवा महामार्गावर इंदापूरला वळले की डोंगरांच्या कुशीत हे तालुक्याचे गाव लागते. गावाच्या माथ्यावर तळगड उभा आहे. किल्ला लहान, माथा लांबट आणि अरुंद. रायगड-प्रतापगडाची कीर्ती त्याच्या वाट्याला आलेली नाही. तरीही १६६५ च्या जून महिन्यातील एका कागदावर त्याचे नाव येते. मिर्झाराजे जयसिंग आणि शिवाजी महाराज यांच्यात पुरंदरचा तह झाला, त्यात तेवीस किल्ले मोगलांकडे गेले आणि बारा स्वराज्यात राहिले. राहिलेल्या बारांच्या यादीत तळा होता, आणि त्याचा शेजारी घोसाळाही.

२/
पुरंदर, कोंढाणा, लोहगड, माहुली, कर्नाळा गेले, तळा राहिला. त्याच्या तटावर उभे राहिलेल्या कोणत्याही जिज्ञासू मुलाच्या मनात एक प्रश्न हमखास येतो. हे बाराही गेले असते तर? पुढच्याच वर्षी महाराज आग्र्याहून सुटलेच नसते तर? असे प्रश्न घरात विचारले की वडीलधाऱ्यांचे उत्तर ठरलेले असते : ‘आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटले असते!’ म्हण चटकदार आहे आणि बहुतेक वेळा ती वाद संपवते. पण याच प्रश्नावर जगात एक अख्खा साहित्यप्रकार उभा आहे, आणि त्यातील एक उत्तम कथा मराठीत लिहिली गेली आहे. हा थ्रेड त्या कथेविषयी, तिच्या पूर्वसुरींविषयी आणि आज पडद्यावर दिसणाऱ्या तिच्या जपानी भावंडांविषयी.

३/
प्रथम व्याख्या. अद्भुतकथेत राक्षस, यक्ष, जादूची अंगठी चालते. विज्ञानकथा सहसा पुढे पाहते. यंत्रे, ग्रह, भविष्यातील माणूस हे तिचे विषय. ‘पर्यायी इतिहास’ मात्र मागे पाहतो. त्याचा नियम एकच : भूतकाळातील एखादी घटना बदलायची आणि तिथून पुढे सारे काही कार्यकारणाने घडू द्यायचे. लेखकाला सूट मिळते ती एकदाच. त्यानंतर अर्थकारण, भूगोल, माणसांचे स्वभाव, सैन्याची रसद हे सर्व नेहमीच्याच नियमांनी चालले पाहिजे. म्हणूनच हा प्रकार दिसतो तितका सोपा नाही.

४/
हा खेळ फार जुना आहे. रोमचा इतिहासकार लिव्ही याने आपल्या ग्रंथाच्या नवव्या भागात मूळ कथन थांबवून विचारले होते : अलेक्झांडर पूर्वेऐवजी पश्चिमेला वळून रोमवर चालून आला असता तर? त्याचे उत्तर अर्थातच रोमच्या बाजूचे होते. १८३६ साली लुई जोफ्रॉय या फ्रेंच लेखकाने नेपोलियनने सारे जग जिंकल्याची कादंबरी लिहिली. १९३१ साली इंग्लंडमध्ये जे. सी. स्क्वायर यांनी अशा निबंधांचे एक पुस्तक संपादित केले, त्यात विन्स्टन चर्चिल यांचाही निबंध होता. त्यातील गंमत अशी : अमेरिकेच्या यादवी युद्धात गेटिसबर्गची लढाई दक्षिणेचा सेनापती ली याने जिंकली आहे असे धरून, त्या जगातील लेखक विचारतो : ली हरला असता तर काय झाले असते?

५/
विरोधकही तितकेच जुने. इ. एच. कार यांनी १९६१ च्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात अशा कल्पनांना दिवाणखान्यातील खेळ ठरवले. त्यांचा आक्षेप हसून सोडून देण्याजोगा नाही. जर-तरची हौस बहुधा पराभूतांना असते, असे त्यांचे निरीक्षण होते. जे हरले ते आपल्या पराभवाचे खापर योगायोगावर फोडतात. जे जिंकले त्यांना तो निकाल अटळ वाटतो. कार यांनी हे लिहिले तेव्हा महाराष्ट्राच्या सर्वांत मोठ्या पराभवाला नेमकी दोनशे वर्षे झाली होती.

६/
तो पराभव म्हणजे पानिपत, १४ जानेवारी १७६१. एखाद्या लढाईने भाषेवर किती खोल वण ठेवावा याचे हे उदाहरण. मराठीत ‘पानिपत होणे’ हा वाक्प्रचार झाला. निवडणुकीत पक्षाचे पानिपत होते, परीक्षेत विद्यार्थ्याचे होते. ‘विश्वास पानिपतात गेला’ असे म्हणताना श्लेष साधला जातो : पेशव्यांचा मुलगा विश्वासरावही गेला आणि माणसाचा माणसावरचा भरवसाही. नानासाहेब पेशवे त्याच वर्षी जूनमध्ये पर्वतीवर वारले. ज्या समाजाच्या बोलण्यातच एक पराभव असा मुरला आहे, त्याला ‘तसे झाले नसते तर?’ हा प्रश्न टाळता येणे कठीणच.

७/
त्या दिवसाची रूपरेषा थोडक्यात. सुमारे अडीच महिने दोन्ही सैन्ये समोरासमोर तळ देऊन बसली होती. मराठ्यांची रसद तुटली, उपासमार सुरू झाली आणि अखेर सदाशिवरावभाऊ छावणीबाहेर पडले. इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी आरंभी अफगाणांची दाणादाण उडवली. दुपारनंतर विश्वासरावांना गोळी लागली. भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि गर्दीत घुसले. रिकामी अंबारी पाहून सैन्याचा धीर सुटला. अब्दालीने राखून ठेवलेली ताज्या दमाची फौज त्याच सुमारास रणात उतरली. संध्याकाळपर्यंत सर्व संपले होते. इथे एक गोळी लक्षात ठेवावी. पुढे तिच्यावरच कथा येणार आहे.

८/
आता मराठी विज्ञानकथेकडे वळू. मराठीत विज्ञानकथा नव्हतीच, ती अलीकडे इंग्रजीतून आली, हा समज अर्धाच खरा. १८८६ साली कोचीन येथे कृष्णाजी नारायण आठल्ये उभे राहिले नसते तर ही कथा वेगळ्या वळणाने गेली असती. मूळ कऱ्हाडजवळच्या टेंभूचे हे गृहस्थ, त्यांनी केरळात राहून ‘केरळ कोकिळ’ हे मराठी मासिक काढले. १९०० साली त्याच मासिकातून ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाची विज्ञानकादंबरी मराठीत क्रमशः येऊ लागली. मराठी वाचकाचा अंतराळप्रवास असा मलबारच्या किनाऱ्यावरून सुरू झाला.

९/
विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील श्री. बा. रानडे यांची ‘तारेचे हास्य’ ही मराठीतील आद्य स्वतंत्र विज्ञानकथांपैकी एक मानली जाते. पुढे द. पां. खांबेटे यांच्यासारख्या लेखकांनी मासिकांतून असे लेखन केले. मुलांच्या बाबतीत मोठे काम भा. रा. भागवतांचे. फास्टर फेणे त्यांचाच; पण ज्यूल व्हर्नला घरोघरी नेले तेही त्यांनीच. त्यांच्या लेखणीत व्हर्नचे साहसवीर अगदी ओळखीच्या मराठीत बोलू लागले. अनेक पिढ्यांतील मराठी मुलांना चंद्र, पाताळ आणि समुद्रतळ यांची पहिली सफर भागवतांनी घडवली.

१०/
२४ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. १९७० पासून परिषद विज्ञानकथांची स्पर्धा घेऊ लागली. १९७४ च्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाच्या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव : नारायण विनायक जगताप. असा कोणी लेखक कोणाच्या ऐकिवात नव्हता, कारण तो अस्तित्वातच नव्हता. नावाची आद्याक्षरे उलट क्रमाने वाचावीत : ज. वि. ना. जयंत विष्णू नारळीकर.

११/
नारळीकर त्या वेळी जगप्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञ होते. केंब्रिजला फ्रेड हॉयल यांच्यासह गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त मांडून ते १९७२ साली भारतात परतले होते आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करीत होते. परीक्षकांवर आपल्या नावाचे दडपण येऊ नये म्हणून टोपणनाव घेतले. हस्ताक्षर ओळखले जाण्याचा संभव होता, म्हणून कथा पत्नी मंगला नारळीकर यांनी आपल्या अक्षरात उतरवली. त्या स्वतः गणितज्ञ होत्या. कथेला न्याय मिळावा तो कथा म्हणून, ही त्यामागची भूमिका.

१२/
१९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवतांनी या नव्या लेखनाची आवर्जून दखल घेतली. त्यामुळे विज्ञानकथा मुलांच्या खाऊच्या डब्यातून बाहेर येऊन साहित्याच्या पंगतीत बसली. ‘यक्षांची देणगी’ हा कथासंग्रह आणि ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’, ‘व्हायरस’ या कादंबऱ्या पुढे आल्या. नारळीकरांचे गुरू हॉयल हेही कादंबरीकार होते. त्यांची ‘द ब्लॅक क्लाउड’ १९५७ ची. शास्त्रज्ञाने गोष्टी लिहिण्यात कमीपणा नाही, हा धडा केंब्रिजमध्येच मिळालेला होता.

१३/
या सर्व कथांमध्ये इतिहासप्रेमींनी सर्वप्रथम वाचावी अशी कथा म्हणजे ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. नायक गंगाधरपंत गायतोंडे हे पुण्याचे इतिहासकार. सभांचे अध्यक्षपद भूषवण्याचा त्यांना भारी उत्साह. नऊशे नव्व्याण्णव सभा झालेल्या, हजारावी पानिपतवरच्या परिसंवादाची. तिची तयारी करीत, पानिपतचा निकाल उलटा लागला असता तर काय, याचा विचार डोक्यात घोळवत ते चालले असताना ट्रकशी अपघात होतो. शुद्धीवर येतात ते एका वेगळ्याच हिंदुस्थानात. पुण्याहून मुंबईला जाताना वाटेत सरहद्द लागते, परवाने तपासले जातात. कारण मुंबईत अजून इंग्रजांचा अंमल आहे.

१४/
इथे गंगाधरपंत जे करतात ते पाहण्यासारखे आहे. ते तलवार शोधत नाहीत, पेशव्यांच्या भेटीला धावत नाहीत. ते एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात जातात आणि इतिहासाची पुस्तके मागवतात. पुस्तकांवर लेखक म्हणून त्यांचेच नाव असते. पहिले खंड ओळखीचे निघतात. अशोक, समुद्रगुप्त, शिवाजी महाराज सगळे जागच्या जागी. बदल सापडतो तो शेवटच्या खंडात, पानिपतच्या प्रकरणात. तिथे मराठे जिंकलेले असतात. कसे जिंकले याचा तपशील ते शोधू लागतात आणि ‘भाऊसाहेबांची बखर’ उघडतात.

१५/
बखरीतील फरक एवढासाच. विश्वासरावांवर आलेली गोळी कानाजवळून निघून जाते. बाकी लढाई तीच, माणसे तीच. त्या गोळीच्या अंतराएवढ्या फरकातून नवा देश उभा राहतो. अब्दाली काबूलला परत हाकलला जातो. दिल्लीचा बादशहा नावापुरता उरतो. कंपनीचे हातपाय पसरण्याआधीच आखडतात. कथेतील पुढचे पेशवे युरोपातील यंत्रयुगाची चाहूल ओळखून विज्ञानाची केंद्रे स्थापतात, आणि कालांतराने त्यांची सत्ताही ओसरून लोकनियुक्त सभा कारभार हाती घेतात. परक्या राज्याचा अनुभव न घेतलेला हा देश गंगाधरपंतांना ताठ मानेचा वाटतो.

१६/
मग मराठी माणसाला खुदकन हसवणारा प्रसंग. आझाद मैदानावर व्याख्यान चालू असते आणि व्यासपीठावरची अध्यक्षांची खुर्ची चक्क रिकामी! गंगाधरपंतांना ते सहन होत नाही. लोखंड चुंबकाकडे ओढले जावे तसे ते खुर्चीत जाऊन बसतात आणि भाषणही सुरू करतात. या जगातील श्रोत्यांनी अध्यक्षीय भाषणांना केव्हाच रजा दिलेली असते. लोक खवळतात, वस्तू फेकतात, व्यासपीठावर चढून येतात. त्या झटापटीत गंगाधरपंत दिसेनासे होतात. सकाळी ते आझाद मैदानावर सापडतात, पण आपल्या जगातल्या.

१७/
आता पुरावा. बखर गर्दीत हरवते, पण तिचे एक फाटके पान खिशात राहून जाते. त्या पानावर गोळी चुकल्याचा मजकूर असतो. आपल्या जगातील प्रतीत त्याच पानावर गोळी लागल्याचा. गंगाधरपंतांचा शास्त्रज्ञ मित्र राजेंद्र देशपांडे दोन पाने शेजारी ठेवून विचार करतो आणि दोन गोष्टींची सांगड घालतो. एक, आपत्तिसिद्धान्त : तुल्यबळ सैन्यांत एखादी छोटी घटना निकाल अचानक दुसऱ्या बाजूला झुकवू शकते. दुसरी, पुंजभौतिकी : इलेक्ट्रॉन नेमका कोठे सापडेल हे निश्चित सांगता येत नाही, शक्यताच सांगता येतात. मग प्रत्येक शक्यतेचे एकेक जग असेल तर? ह्यू एव्हरेट या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने १९५७ साली अशाच दिशेची मांडणी केली होती.

१८/
ही कथा इंग्रजीत ‘द अ‍ॅडव्हेंचर’ या नावाने एनसीईआरटीच्या अकरावीच्या ‘हॉर्नबिल’ या पाठ्यपुस्तकात गेली. त्यामुळे पानिपतचे नावही न ऐकलेल्या, दूरदूरच्या राज्यांतील मुलांनी विश्वासरावांवर प्रश्नोत्तरे लिहिली. पण कथेला इतिहासकाराच्या कसोटीवरही घासून पाहायला हवे. निकाल खरोखर त्या एका गोळीने लागला का? त्र्यं. शं. शेजवलकरांनी १९४६ साली इंग्रजीत आणि नंतर मराठीत पानिपतची जी चिकित्सा केली, तिच्यापासून आजपर्यंत अभ्यासक या लढाईची कारणे एका क्षणात शोधत नाहीत.

१९/
सूरजमल जाट बाजूला झाला होता. शुजाउद्दौला अब्दालीच्या गोटात गेला होता. दोआबातून येणारी रसद बंद पडली होती. छावणीत हजारो बिनलढाऊ माणसे होती. यात्रेकरू, बायका, मुले. त्यांना सांभाळून लढायचे होते. सैनिक उपाशी होते. गोळी चुकली असती तरी पोटातील भूक तशीच राहिली असती. म्हणजे कथेचा सांधा कच्चा आहे का? तसे नाही. इतकी कारणे विरोधात असतानाही दुपारपर्यंत लढाई मराठ्यांकडे झुकलेली होती, हेही कागदपत्रांतच आहे. कथा वाचल्यावर वाचक पुन्हा त्या कारणांच्या यादीकडे वळतो आणि प्रत्येकाचे वजन करू लागतो. चांगल्या पर्यायी इतिहासाचे हेच काम.

२०/
हीच कसोटी घेऊन जपानकडे जाऊ. अ‍ॅनिमे पाहणाऱ्या मराठी तरुणांना हा प्रकार नवा नाही. ‘कोड गिआस’ (२००६) मधील जगात अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध फसलेले असते. ब्रिटनचे साम्राज्य अटलांटिकपार जाऊन ‘ब्रिटानिया’ बनते आणि जपान जिंकून त्याला नावाऐवजी क्रमांक देते. जपानी माणूस ‘अकरा’ या आकड्याने ओळखला जातो. राक्षसी यंत्रमानवांच्या लढाया डोळे दिपवतात, पण वसाहतीत माणसाचे नाव कसे पुसले जाते हे त्या एका आकड्यात सांगून होते. वसाहतीचा अनुभव असलेल्या देशातील प्रेक्षकाला ते वेगळे समजावून द्यावे लागत नाही.

२१/
‘झिपांग’ (२००४–०५) ही काइजी कावागुची यांच्या मांगावर आधारलेली मालिका अधिक गंभीर आहे. आजच्या जपानी नौदलाची ‘मिराई’ ही युद्धनौका वादळात सापडून थेट जून १९४२ च्या मिडवे लढाईत जाऊन पोहोचते. नौकेवर क्षेपणास्त्रे आहेत. मनात आणले तर लढाईचा निकाल बदलता येईल. अधिकाऱ्यांचा निर्णय होतो : हस्तक्षेप करायचा नाही. पण समोर एक जपानी अधिकारी बुडत असतो आणि कादोमात्सु त्याला वाचवतो. इतिहासाच्या दृष्टीने जो माणूस मरायला हवा होता, तो जिवंत राहिला. इतिहास तिथेच फुटला. नारळीकरांच्या कथेत एक गोळी चुकते, इथे एक हात पुढे होतो. माणुसकी की इतिहास, असा पेच गंगाधरपंतांच्या वाट्याला आला नव्हता.

२२/
‘ओओकू’ (२०२३) हा तर रणांगण सोडूनच देतो. फुमी योशिनागा यांच्या मांगावर आधारलेल्या या मालिकेत एदोकालीन जपानमध्ये तरुण पुरुषांना मारणारी साथ येते. पुरुषांची संख्या एक चतुर्थांशावर उतरते. शेती, व्यापार, अखेरीस शोगुनची गादीही स्त्रियांकडे येते आणि अंतःपुरात पुरुष ठेवले जातात. योशिनागा यांची खरी चतुराई पुढे दिसते : जपानने परकीयांना दारे बंद केली ही ऐतिहासिक घटना कथेत तशीच राहते, कारण मात्र नवे मिळते; देशात पुरुष उरलेले नाहीत हे बाहेर कळू नये म्हणून. राजपुत्राला लागलेल्या गोळीपेक्षा साथीचा रोग इतिहास अधिक खोलवर बदलू शकतो, हे इथे पटते.

२३/
या चारही कृतींतून तीन कसोट्या हाती लागतात. पहिली : बदल एकच असावा आणि तो घडण्याजोगा असावा. दुसरी : बदलाची किंमत कोणी मोजली हे दिसावे, नुसत्या विजयाची मिरवणूक काढली की ते दिवास्वप्न होते. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची : कथेने आपण कल्पित आहोत हे लपवू नये. नारळीकर गोळी चुकवतात तेव्हा खरी गोळी लागली होती हे वाचकाला आधीच ठाऊक असते. कथेची सगळी गंमत त्या ठाऊक असण्यावर उभी आहे.

२४/
ही तिसरी कसोटी आज अधिक निकडीची झाली आहे. समाजमाध्यमांवर रोज फिरणारा खोटा इतिहासही ‘तसे झाले असते तर’ या इच्छेतूनच जन्मतो. फरक इतकाच की तो ‘तसेच झाले होते’ असे ठासून सांगतो. कोणा पत्रात नसलेले वाक्य, कोणा तहात नसलेले कलम, कोणा वीराने न लढलेली लढाई. पर्यायी इतिहास वाचकाला कागदपत्रांकडे परत पाठवतो. खोटा इतिहास त्याला त्यांच्यापासून दूर नेतो. इ. एच. कार यांचा इशारा पहिल्यापेक्षा दुसऱ्याला अधिक लागू पडतो. गंगाधरपंतांनी दुसऱ्या जगातून आणले ते काय? स्वतःची आठवण त्यांनी पुरेशी मानली नाही. त्यांच्या खिशात एक पान होते.

२५/
आता पुन्हा तळ्याला. तळगडाच्या परिसरातच मांदाडची खाडी आहे आणि तिच्या काठच्या डोंगरात कुड्याची बौद्ध लेणी. हे पाणी पुढे राजपुरीच्या खाडीतून समुद्राला मिळते आणि तिथे जंजिरा उभा आहे. मराठ्यांना कधीच न मिळालेला. १६८२ च्या आरंभी संभाजी महाराजांनी जंजिऱ्याला जबरदस्त वेढा घातला, बेटापर्यंत भराव टाकून वाट काढण्याचा प्रयत्न केला. तेवढ्यात मोगल फौज उत्तर कोकणात उतरली आणि त्यांना तिकडे वळावे लागले. ती फौज महिनाभर उशिरा आली असती तर?

२६/
ही कथा अजून कोणी लिहायची आहे. लिहिणाऱ्याला भरती-ओहोटीचे गणित ठाऊक हवे, तोफांचा पल्ला ठाऊक हवा, सिद्दीला समुद्रावरून मिळणारी मदत मोजता यायला हवी. जंजिरा पडला असता तर मराठी आरमाराला राजपुरीचे सुरक्षित बंदर मिळाले असते. पण मोगलांशी चाललेले युद्ध त्याने थांबले असते का? खाडीकाठच्या कोळी, आगरी गावांवर कोणाचे कर बसले असते? वेढ्यात भराव टाकणाऱ्या माणसांची नावे कोणत्या कागदात सापडली असती? प्रश्न असे विचारले की आत्याबाईच्या मिशांची म्हण लागू पडत नाही. ते अभ्यासाचे प्रश्न होतात.

२७/
नारळीकर २०२१ साली नाशिकच्या ९४ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. प्रकृतीमुळे त्यांना प्रत्यक्ष उपस्थित राहता आले नाही. अध्यक्षांच्या रिकाम्या खुर्चीवर इतकी मिस्कील कथा लिहिणाऱ्या लेखकाच्या बाबतीत हा योग जुळून यावा हे विलक्षणच. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. नारायण विनायक जगताप मात्र स्पर्धेच्या निकालपत्रात आणि मराठी विज्ञानकथेच्या इतिहासात आहेत.

२८/
तळगड १८१८ साली इंग्रजांकडे गेला. आज त्याच्या तटाचे अवशेष आणि खडकात खोदलेली टाकी उरली आहेत. १६६५ च्या यादीत त्याचे नाव ज्या बाजूला पडले त्यात अटळ असे काही नव्हते. माणसांनी वाटाघाटी केल्या, हिशेब मांडले, काही सोडले आणि काही राखले. झाले ते तसेच होणार होते असे मानले की माणसांचे ते निर्णय दिसेनासे होतात. गोळी चुकली असती, हे ज्याला कल्पिता येते त्यालाच ती लागली याचे मोल कळते. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ वाचावी, मग ‘झिपांग’ आणि ‘ओओकू’ पाहावेत. आणि त्यानंतर शेजवलकर जरूर उघडावेत.

#इतिहास #पानिपत #मराठी_विज्ञानकथा #तळगड